कुलूप कुणाच्या गुन्ह्याचं?

सावद्यात आमच्या घराच्या मागे दोन खोल्या आहेत, आजोबांनी बांधलेल्या. गेली काही वर्षं तिथे एक कुटुंब भाड्याने राहतं. नवरा केळीच्या गाड्या भरायला जातो, बायको घरी शिवणकाम करते. दोन मुली शाळेत आहेत आणि मुलगा एकोणीस वर्षांचा. भाडं कधी पाच तारखेला येतं, कधी पंधराला, पण बुडालं कधीच नाही. करारनामा कधी झाला नाही, पावती कधी दिली नाही. आपलीच माणसं आहेत म्हणून चाललं होतं.

मागच्या पावसाळ्यात त्या मुलाचं चौकात भांडण झालं. समोरच्याचं डोकं फुटलं, गुन्हा दाखल झाला, पोलीस मुलाला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्याला रावेरच्या कोर्टात हजर करणार होते म्हणून आई-वडील तिकडे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा दाराला त्यांच्या कुलपावर आणखी एक कुलूप होतं. ते माझ्या चाचांनी लावलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं, "असल्यांना ठेवलं तर उद्या पोलीस आपल्या दारात येतील. सामान नंतर घेऊन जा म्हणावं." अब्बा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

त्या संध्याकाळी मी याच मासिकासाठी नागपूरच्या घरपाडणीवर लिहीत बसले होते. एकाच्या आरोपाची शिक्षा अख्ख्या घराला देता येत नाही, असं वाक्य मी नुकतंच लिहिलं होतं. खिडकीतून दोन मुली ओट्यावर बसलेल्या दिसत होत्या. दप्तरं पाठीवर तशीच होती.

कुलूप रात्री साडेनऊला निघालं, ते अम्मीमुळे. तिने चाचांना ताट वाढलं आणि म्हणाली, "पोरी बाहेर उपाशी बसल्यात. आधी किल्ली, मग जेवण." यात श्रेय माझं नाही. माझ्या वाट्याला आली ती लाज. म्हणून हे संपादकीय.

दोन बाजू, एकच चूक

काही दिवसांनी आमच्या अभ्यासगटात मी हा प्रसंग सांगितला. पोरं-पोरी पंचविशीच्या आतली. लगेच दोन तट पडले.

पहिल्याचं म्हणणं, घर मालकाचं आहे. ज्याने पै पै जोडून बांधलं, त्याने कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हे तोच ठरवणार. यात सरकार आणि कोर्ट कशाला? दुसऱ्याने अलीकडे बरंच वाचलेलं. तो म्हणाला, "मुळात खासगी मालकी हाच घोळ आहे. समाजवाद आला की पहिलं काम हे, मालकांकडून घरं काढून घ्यायची आणि त्यांना असा धडा शिकवायचा की पुन्हा कुणी भाडं मागणार नाही."

एकाला मालकी पवित्र वाटते, दुसऱ्याला पाप. पण नीट ऐकलं तर दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे. ज्याचा राग आला त्याचं घर काढून घेता येतं, हे दोघांनाही मान्य आहे. फरक फक्त किल्ली कुणाच्या हातात असावी एवढाच. माझा वाद नेमका इथे आहे. घर कधीकधी खाली करावं लागतं. भाडं थकतं, मालकाला खरोखर गरज पडते, इमारत धोकादायक होते. त्यासाठी कायदा आहे, नोटीस आहे, कोर्ट आहे. पण घर काढून घेणं ही शिक्षा असू शकत नाही. मालकाने देता कामा नये, सरकारने देता कामा नये आणि क्रांतीनेही देता कामा नये.

फैजपूर आपल्या शेजारीच आहे

भाडेकरू, कूळ आणि समाजवाद यांवरचा वाद आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. सावद्याहून दुचाकी काढली की थोड्याच वेळात फैजपूर येतं. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, आणि खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींसारखी आपल्या भागातली माणसं त्यासाठी राबली होती. तिथे शेतीचा जो कार्यक्रम मंजूर झाला त्यात खंड कमी करणं, वेठबिगार बंद करणं आणि शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी देणं ही कलमं होती. आणखी एक होतं. कुळाला जमिनीवरून हटवता येणार नाही असा वारसाने चालणारा हक्क मिळावा, आणि त्याला तिथे घर बांधण्याचा व झाडं लावण्याचा अधिकार असावा.

घर आणि झाड. दोन्ही गोष्टी उद्या इथेच असू अशी खात्री असेल तरच माणूस करतो. मालकाची मर्जी फिरली की निघावं लागेल, अशा जागी कुणी आंबा लावत नाही.

त्याच वेळी फैजपूरला किसान सभेचंही अधिवेशन झालं. एन. जी. रंगा अध्यक्ष होते. मनमाडहून शेतकऱ्यांचा जथा पायी चालत आला, आणि त्याच्या स्वागताला उभ्या असलेल्या पुढाऱ्यांत युसूफ मेहेरअली होते. 'सायमन गो बॅक'ची घोषणा देणारे, पुढे 1942 मध्ये मुंबईचे महापौर झालेले मेहेरअली समाजवादी होते आणि मुसलमानही होते. मौलाना हसरत मोहानी तर संविधान सभेत भारताला समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ म्हणा, असा आग्रह धरत होते. समाजवाद हा आपल्याला परका विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही नावं लक्षात ठेवावीत.

फैजपूरची ती मागणी पुढे कायद्यात उतरली. 1948 चा मुंबई कुळकायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरवून त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचा खरेदीदार मानलं गेलं. यातून अनेक घरांत पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा सातबारा आला. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायदा येतो आहे हे मालकांना आधी कळलं होतं. मग कुळांकडून 'राजीनामे' घेतले गेले, म्हणजे मी स्वखुशीने जमीन सोडतो असे कागद. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेल्या पाहणीचा अहवाल 1957 मध्ये आला. या स्वखुशीच्या आड काय चाललं होतं, ते त्यात मांडलेलं आहे. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडे पावती नाही, त्याच्या हक्काचा कायदा त्याच्या हाती पडण्याआधीच कागदाने हिरावून नेला. आमच्या मागच्या खोल्यांनाही पावती नव्हती.

क्रांतीनेही लावलेलं कुलूप

आता समाजवादी मित्राला उत्तर देते.

फैजपूरचं अधिवेशन झालं त्याच महिन्यात सोव्हिएत रशियाने नवं संविधान स्वीकारलं. जमीन आणि कारखाने सरकारी मालकीचे राहतील, पण नागरिकाचं राहतं घर ही त्याची वैयक्तिक मालमत्ता आहे आणि कायदा तिचं रक्षण करील, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे कागदावर तरी समाजवादाचा राहत्या घराशी झगडा नव्हता.

आठच वर्षांनी, 18 मे 1944 च्या पहाटे, क्रिमियातल्या तातार मुसलमानांच्या दारांवर थापा पडल्या. बांधाबांध करायला काही मिनिटं मिळाली, आणि त्यांना मालगाडीच्या डब्यांत कोंबण्यात आलं. तीन दिवसांत पावणेदोन लाखांहून जास्त माणसं मुख्यतः उझबेकिस्तानकडे हाकलली गेली. आरोप होता नाझींशी हातमिळवणीचा, आणि तो अख्ख्या जमातीवर होता. बाया, म्हातारे, तान्ही मुलं, सगळे गुन्हेगार. ज्यांचे मुलगे त्या वेळी लाल सैन्यात नाझींशीच लढत होते, त्यांनाही सुटका नव्हती. युद्ध संपल्यावर त्या सैनिकांनाही हद्दपार केलं गेलं. ही हद्दपारी बेकायदा होती हे सोव्हिएत संसदेने कबूल केलं 1989 मध्ये. तोवर दोन पिढ्या परमुलखात वाढल्या होत्या.

यावरून समाजवाद वाईट असा निष्कर्ष मी काढत नाही. घरांचा साठा काही हातांत एकवटला असेल तर तो वाटला पाहिजे, भाड्याला मर्यादा हवी, गरिबाला हक्काचं छप्पर हवं, हे मला मान्य आहे. पण वाटप वेगळं आणि सूड वेगळा. वाटपात सर्वांना सारखा नियम असतो, मोबदला असतो, अपील असतं. सुडात फक्त यादी असते, आणि यादीत आज कुणाचं नाव आहे त्यावर उद्या कुणाचं येईल हे ठरत नसतं. आपण अल्पसंख्य आहोत. कुणाच्याही हातात अशी यादी देणं आपल्याला परवडणारं नाही. ती लाल झेंड्याच्या हातात असली तरी नाही.

एका महिन्यातले तीन निकाल

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल आले. आमच्या गटात ते तिन्ही एकत्र वाचायला हवेत, असं मला वाटतं.

पहिला 5 नोव्हेंबरचा, आणि तो भाडेकरूंच्याच प्रश्नातून उभा राहिलेला. मुंबईतल्या जुन्या, उपकर भरणाऱ्या चाळी मोडकळीला आल्या होत्या. मालक दुरुस्ती करत नव्हते आणि भाडेकरू जीव मुठीत धरून राहत होते. 1986 मध्ये म्हाडा कायद्यात एक प्रकरण घालण्यात आलं. 70 टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकार इमारत ताब्यात घेईल आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम देईल. मालकांची संघटना कोर्टात गेली. तीन दशकांहून जास्त काळाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाने संविधानाच्या अनुच्छेद 39 (ख) चा अर्थ लावला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, पण काही ठरू शकते. वस्तू कोणती, ती किती दुर्मिळ, ती थोड्यांच्या हाती असल्याने समाजावर काय परिणाम होतो, हे पाहून ठरवायचं.

तिसरा 25 नोव्हेंबरचा. उद्देशिकेत 1976 मध्ये घातलेले 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द काढावेत ही मागणी न्यायालयाने फेटाळली. आपला समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य, त्यात खासगी व्यवसायाला जागा आहे, असा त्याचा आशय होता.

मधला, 13 नोव्हेंबरचा निकाल बुलडोझरचा. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी सांगितलं की केवळ आरोपी आहे, किंवा अगदी दोषी ठरला आहे, म्हणून कुणाचं घर प्रशासनाला पाडता येणार नाही. दोषी ठरवणं हे प्रशासनाचं काम नाही, आणि घर पाडल्याने शिक्षा होते ती सगळ्या कुटुंबाला. बांधकाम खरंच बेकायदा असेल तरी किमान 15 दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची संधी, कारणांसह आदेश, त्यानंतर आणखी 15 दिवस आणि पाडकामाचं चित्रीकरण, हे सगळं बंधनकारक केलं. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल होईल असंही बजावलं. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही.

पहिला निकाल म्हणतो की मालकीला मर्यादा असू शकते. तिसरा म्हणतो की राज्याने गरिबाच्या बाजूने उभं राहावं. आणि मधला म्हणतो की मालकी असो वा नसो, छप्पर हिसकावणं हे शिक्षेचं हत्यार नव्हे. माझ्या मते हा मधला निकाल नसेल तर बाकीचे दोन्ही पोकळ आहेत.

आणि तो किती कच्चा आहे हे महाराष्ट्राने लगेच पाहिलं. 23 फेब्रुवारी 2025 ला भारत-पाकिस्तान सामना झाला. मालवणमध्ये एका अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाचं भंगाराचं दुकान जमीनदोस्त. मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली. आठवड्याने, 24 मार्चला, मुख्य आरोपी म्हटलेल्याचं घर पाडलं गेलं. त्याची वयस्कर आई हायकोर्टात गेली होती. नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली, पण तोवर ते घर पडलेलं होतं. पुढे महापालिका आयुक्तांनी कोर्टात बिनशर्त माफी मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सूचना अधिकाऱ्यांना माहीत नव्हत्या असं सांगितलं. भिंत मात्र माफीने उभी राहत नाही.

आपल्या घरातला बुलडोझर

हे लिहायला आपल्याला सोपं जातं, कारण इथे आपण सोसणाऱ्यांच्या बाजूला आहोत. पुण्यात शिकायला गेलेल्या प्रत्येकाकडे खोली नाकारल्याचा किस्सा आहे. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की "अहो, कालच दिली". तो अन्याय आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे.

पण सावदा, फैजपूर, रावेर, भुसावळ इथे आपल्यातले बरेच जण मालक आहेत. मोहल्ल्यातल्या खोल्या, रस्त्यावरचे गाळे. आपण कुणाला नाकारतो? तलाक झालेल्या बाईला. परप्रांतातून आलेल्या मजुराला. दुसऱ्या बिरादरीच्या माणसाला. सातपुड्याच्या पायथ्याहून कामाला आलेल्या तडवी कुटुंबाला. तडवी तर आपल्यासारखेच कलमा पढणारे. त्यांची वनजमीन जाऊ नये म्हणून आपण निवेदनं देतो, 2006 चा वनहक्क कायदा काढून दाखवतो की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला हटवता येत नाही. आणि तोच माणूस खोली मागायला आला की आधी त्याची जात विचारतो.

कुरआनात एकाहून जास्त ठिकाणी सांगितलं आहे की कुणीही दुसऱ्याच्या पापाचं ओझं वाहणार नाही. जुम्याच्या खुतब्यात आपण हे ऐकतो. मग मुलाच्या भांडणाचं ओझं त्याच्या बहिणींनी ओट्यावर बसून का वाहायचं? कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज-रोजाबद्दल नाही, ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. छोटा व्यवहारसुद्धा लिहा, कंटाळा करू नका, असा तिचा रोख आहे. आणि आम्ही वर्षानुवर्षं एक पावती लिहिली नव्हती.

म्हणून काही साध्या गोष्टी. मालक असाल तर करारनामा लेखी करा आणि नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. भाड्याची पावती द्या. भाडेकरूला घालवण्यासाठी वीज-पाणी तोडणं त्या कायद्याने मना आहे. हा कायदा परिशिष्टात दिलेल्या गावा-शहरांना लागू होतो, तेव्हा आपलं गाव त्यात आहे का ते वकिलाकडून पाहून घ्या.

भाडेकरू असाल तर भाडं रोखीत देण्यापेक्षा खात्यावर पाठवा, म्हणजे पुरावा राहतो. आणि कुणी मालकाने तुमच्या संमतीशिवाय, कोर्टाच्या आदेशाशिवाय बाहेर काढलंच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 चं कलम 6 लक्षात ठेवा. सहा महिन्यांच्या आत दावा केला तर ताबा परत मागता येतो. मालकी कुणाची हा प्रश्न तिथे आडवा येत नाही. चाचांनी लावलेलं कुलूप बेकायदा होतं. त्या कुटुंबाला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी खिडकीत बसून राहिले.

त्या खोल्यांत उद्या वारसाने माझाही हिस्सा येईल. म्हणजे मीही मालकच. म्हणून मागच्या महिन्यात अब्बांशी आणि चाचांशी बसून बोलले. अकरा महिन्यांचा करार तयार झाला आणि नोंदवला गेला. चाचा सहीला आले, पण अजून मनातून पटलेलं नाही. "पोराने पुन्हा काही केलं तर?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तर कोर्ट त्याला शिक्षा देईल, चाचा, आपण नाही. ते काही बोलले नाहीत. मुलगा जामिनावर सुटून घरी आला आहे. खटला चालू आहे. त्याने डोकं फोडलं असेल तर त्याला शिक्षा व्हावी असंच माझंही मत आहे. त्याच्या आईने मात्र परवा आमच्या मागच्या भिंतीशी शेवग्याची फांदी लावली. लावण्याआधी तिने अब्बांना विचारलं. या खेपेला अब्बा गप्प बसले नाहीत. म्हणाले, "लाव की. विचारायचं काय त्यात?"